पाळणा घरी रंगवला का कोणी? काय काय झालं ते सांगा

मोहफूल
बहिणीला सातवा लागला, बाळंतपण इकडंच आहे. काल बाबांनी माळ्यावरून सागाचा पाळणा उतरवला, आम्ही तिघंही त्यातच झोपलो, आणि ओसरीत बसून काचपेपरनं कोरडाच खर्रखर्र घासायला लागले. ती हिरवी धूळ उडाली न मला एकदम २००९ आठवलं. माझ्या पोराच्या वेळी आधी तयारी करायची नाही म्हणून दहाव्या दिवशी जुन्यावरच ऑइल पेंट मारला, बाराव्याला बारसं. बाया नाकाला पदर लावून "कुणी गोविंद घ्या" करत होत्या 😅 पुढं पोरगा उभा राहायला लागला तर कठड्याला दात लावायचा, तोंडात रंगाचे पापुद्रे. डॉक्टरांनी विचारलं पाळणा कधीचा आहे, जुन्या रंगात शिसं असतं म्हणाले. रक्त नागपूरला पाठवलं. काही निघालं नाही, पण रिपोर्ट येईपर्यंत घास उतरत नव्हता. तुमचे अनुभव लिहा, बाबांना वाचून दाखवते, माझं ऐकत नाहीत.

बोंडअळी
आमच्याइकडे नवऱ्यानं मे महिन्यात भर दुपारी आंगणात रंगवला. ४५ डिग्री. वरून वाळला आतून ओला, अशे फोडं आले जसा पापडच तळला. त्यात वावटळ आली अन् अर्धा गोठा त्याले चिकटला. सासू म्हणे राहू दे, डिझाइन आली

रंधा_पटाशी
ताई पहिले बाबांना थांबवा. रंग मारण्यापेक्षा घासणं वाईट. आमचं सुतारकामच आहे म्हणून सांगतो, जुना ऑइल पेंट असेल तर कोरडा घासायचाच नाही, पाणी मारत मारत वॉटर पेपरनं घासा, खाली प्लास्टिक टाका, तोंडाला चांगला मास्क, आणि झाडू नका मारू, ओल्या फडक्यानं पुसा. बहिणीला त्या दिवशी शेजारी पाठवा. रंगात शिशाची मर्यादा ९० पीपीएम, म्हणजे दहा लाख भागात ९० भाग, झाली ती नोव्हेंबर २०१७ पासून, त्याच्या आधीचा डबा घरात पडला असेल तर तो पाळण्याला नको. जुन्यात पिवळा, केशरी, लाल जास्त वाईट. नवीन पाण्याचा इनॅमल घ्या, डब्यावर शिसं नाही असं लिहिलेलं बघून. पातळ दोन हात. हाताला वाळला म्हणजे पक्का झाला असं नाही, तीन चार आठवडे हवेशीर राहू द्या. बारशाच्या आदल्या दिवशी मारणारे लय पाहिले

मोहफूल
हो न दादा, पण आई म्हणते आधी पाळणा सजवला की नाट लागते

पाटीलवाड्याची_सून
आमच्याइथं पण तेच. मी म्हटलं सजवत नाही, मोडलेला दुरुस्त करून राह्यली. चाललं 😄

शेंगोळे
झोळी बांधा. लुगड्याची. रंग नाही काही नाही

जवसाची_चटणी
आम्ही रंगच नाही मारला, घरचंच जवसाचं तेल पातळ पातळ चोळलं. वाळायला जीव घेते, हप्ता हप्ता. दुकानात बॉइल्ड ऑइल म्हणून मिळते त्यात लवकर वाळायची औषधं असतात, ते नको लेकराच्या वस्तूला. अन् एक ध्यानात ठेवा, तेलाच्या चिंध्या बोळा करून फेकायच्या नाही. सासऱ्यांनी कुटाराजवळ टाकल्या, संध्याकाळी धूर! कोणी काडी नाही लावली, आपोआपच तापतात त्या. आता तारेवर पसरून वाळवतो

बोंडअळी
बाप्पा! जवसाले एवढा राग?

तिरोडा_लोकल
आमच्या काकांनी जुना रंग काढायला गॅसची बत्ती लावली, दिवसभर धूर घेतला, रात्री डोकं धरून बसले. आणि निघालेले पापुद्रे अन् मोडक्या फळ्या काकूनं न्हाणीच्या चुलीत! रंगवलेलं लाकूड चुलीत नका टाकू कोणी, तो धूर आणि राख दोन्ही घरातच राहते

पाटीलवाड्याची_सून
आमच्या आजीचं तर वेगळंच, ढेकणं होऊ नये म्हणून पाळण्याच्या सांध्यात रॉकेल सोडायची. आम्ही जगलो कसे देव जाणे

नंदीबैल७७
विषय निघालाच तर, तान्ह्या पोळ्याच्या लाकडी नंदीचं काय? पोरगी दोन वर्षाची आहे, शिंगं चोखते. मागच्या साली चकचकीत लाल आणला होता

रंधा_पटाशी
कोणता रंग ते दुकानदाराला सांगता येत नसेल तर बिनरंगाचा घ्या, घरी हळद कुंकू लावा. चाकं मात्र हलवून पाहा, एक खिळा नेहमीच ढिला असतो

नंदीबैल७७
बिनरंगाचा नंदी पाहून रडली तर तुमच्याकडं पाठवतो 😂

मोहफूल
बाबांना सगळं वाचून दाखवलं. आधी म्हणे "तुम्ही तिघं मेले का?" मग चिंध्यांचं ऐकून गप्प झाले, कारण कालच्या चिंध्या कुठं टाकल्या ते आठवेना. त्या रॉकेलच्या होत्या म्हणा. काचपेपर ठेवलाय, उद्या वॉटर पेपर आणतो म्हणाले. अजून एक, दांड्यांमधलं अंतर किती पाहिजे? आमच्यातली एक दांडी निघालीय

रंधा_पटाशी
सहा सेंटिमीटरच्या वर नको. थंड्याचा साधा कॅन आडवा आरपार गेला तर जास्त आहे. निघालेली दांडी आधी बसवा, रंगाचं नंतर

शेंगोळे
म्हणूनच म्हटलं झोळी

जवसाची_चटणी
मोहफूल, बहिणीसाठी डिंकाचे लाडू करणार असशील तर जवस घालून पाहा, पाठवू का घरचे?