मदत हवी आहे: श्वसन बंद केलेलं यीस्ट आंबवण शेवटपर्यंत का नेत नाही?

सॅकरोमायसिस सेरेव्हिसी या यीस्टच्या डिप्लॉइड (प्रत्येक जनुकाच्या दोन प्रती असलेल्या) डिस्टिलरी स्ट्रेनपासून पेटीट, म्हणजे श्वसन न करू शकणारे प्रकार, काढले आहेत. त्यासाठी मायटोकॉन्ड्रियाचा डीएनए घालवणारं एथिडियम ब्रोमाइड २५ मायक्रोग्रॅम प्रति मिलि, अंधारात, ३० अंशांवर २४ तास. ३ टक्के ग्लिसरॉलच्या प्लेटवर, जिथे श्वसनाशिवाय वाढता येत नाही, वाढ शून्य. टीटीसीचा (श्वसन चालू असेल तर लाल होणाऱ्या रंगद्रव्याचा) थर ओतल्यावर मूळ स्ट्रेनच्या वसाहती लालभडक, पेटीटच्या दुधासारख्या पांढऱ्या. म्हणजे श्वसन गेलंय, यात शंका नाही.

अडचण पुढे आहे. २०० ग्रॅम प्रति लिटर ग्लुकोजवर सुरुवात ठीक होते, पण इथेनॉल चढलं की वेग मंदावतो आणि साखर उरते. विरजण मूळ स्ट्रेन आणि पेटीट दोन्हीकडे कोरड्या वजनाने सारखंच घातलं आहे. ओडीवर (द्रावणाच्या गढूळपणावरून पेशी मोजण्यावर) विसंबलो नाही, कारण ग्लुकोज संपल्यावर पेटीटला इथेनॉल खाऊन वाढता येत नाही आणि पेशी कमीच राहतात. पेशीच्या पडद्याला लागणारे स्निग्ध घटक म्हणून एर्गोस्टेरॉल १० मिलिग्रॅम आणि ‘ट्वीन ८०’ ४२० मिलिग्रॅम प्रति लिटर घालूनही फरक नाही.

संशय असा, की दोष श्वसन बंद होण्याचा नसून मायटोकॉन्ड्रियाचा डीएनए पूर्ण गेल्याचा आहे. त्याने मायटोकॉन्ड्रियाच्या पडद्यावरचा विद्युतभार घसरतो आणि अनेक प्रथिनांना लागणारे लोह-गंधक समूह नीट बनत नाहीत. शिवाय एथिडियमने आणखी कुठे काय बिघडवलं, सांगता येत नाही.

म्हणून कॉक्स४ हे श्वसनाला लागणारं, केंद्रकातलं जनुक काढावं का? श्वसन थांबेल, डीएनए राहील. पण दोन्ही प्रती एकदम काढायला क्रिस्पर (डीएनए नेमका कापायचं तंत्र) बरं, की कॅनएमएक्स या औषध-प्रतिरोधक खूणजनुकाने एकेक? आणि मुळात इतक्या ग्लुकोजवर श्वसन दबलेलंच असतं, तर श्वसन बंद केल्याने इथेनॉलच्या उताऱ्यात (साखरेमागे मिळणाऱ्या इथेनॉलमध्ये) होणारा फायदा हवा खेळवलेल्या फेड-बॅचमध्येच (साखर थोडी थोडी घालत) मोजावा का? ज्यांनी हे प्रत्यक्ष केलंय त्यांनी कृपया सांगावं.