बाबांशी राजकारणावर बोलावे कसे, की बोलूच नये?

पाचपाखाडीची लेक

आम्ही ठाण्यात पाचपाखाडीला राहतो. माझे वय ३५, बाबांचे ७३. वागळे इस्टेटमधल्या एका कारखान्यातून ते निवृत्त झाले. नोकरीच्या काळातही संध्याकाळी घरी येण्याआधी शिवसेनेच्या शाखेत डोकावून येणे त्यांनी कधी चुकवले नाही. २००१ साली शिवसेनेचे ठाणे जिल्हाप्रमुख आनंद दिघे गेले तेव्हापासून त्यांची तसबीर आमच्या देवघराशेजारी आहे.

जून २०२२ मध्ये शिवसेना फुटली आणि त्या आठवड्यापासून आमच्याकडे जेवताना टीव्ही बंद ठेवावा लागतो. बाबांना एका गटाचे पटते, मला दुसऱ्याचे. कोण कुठल्या बाजूला हे मी मुद्दाम लिहीत नाही, कारण ते कळले की उत्तरे आम्हा बापलेकीविषयी न येता त्या दोन गटांविषयी येतील. भिंतीवरची ती तसबीर दोन्ही गटांच्या फलकांवर असते, एवढे सांगितले म्हणजे ठाणेकरांना आमच्या घराची कल्पना येईल.

१७ फेब्रुवारी २०२३ रोजी निवडणूक आयोगाने पक्षाचे नाव आणि धनुष्यबाण हे चिन्ह शिंदे गटाला दिले. पुढे १० जानेवारी २०२४ रोजी आमदारांच्या अपात्रतेवर विधानसभा अध्यक्षांचा निकाल आला. दोन्ही वेळा मी निकालातील मुद्दे काढून, त्यांवर खुणा करून बाबांसमोर बसले. दुसऱ्या वेळी ते म्हणाले, “कागद मला दाखवू नकोस. तुझ्या जन्माआधीपासून मी भिंती रंगवल्या आहेत.” मी मतदार झाल्यापासून आम्ही तिघे मतदानाला एकत्र जात असू. २० मे २०२४ रोजी बाबा सकाळी सात वाजता एकटेच जाऊन आले.

आई म्हणते, विषयच काढू नका. तेही करून पाहिले; आता आम्ही दूध, औषधे आणि विजेचे बिल एवढ्यावरच बोलतो. आपल्यापैकी कोणी यातून वाट काढली आहे का?

ऐरोलीचा मास्तर

ताई, मी आपल्या बाबांच्या जागेवरून लिहितो. माझा मुलगा पुण्याला असतो. आमच्या घराण्याचा व्हॉट्सॲप गट आहे, त्यात माझे साडू, भाचे, व्याही असे सगळे आहेत. मी एखादा राजकीय मजकूर पुढे पाठवला की दोन मिनिटांत मुलाचे उत्तर येई, “बाबा, हे खोटे आहे,” आणि खाली पुरावा. पुरावा बहुतेक वेळा खरा असे, हे मला त्याच रात्री कळत असे. परंतु ज्या साडूंना मी पंचवीस वर्षे शहाणपण शिकवले, त्यांच्यासमोर पोराने कान धरल्यावर माघार घेणे मला जमले नाही, आणि म्हणून दुसऱ्या दिवशी मी त्याहून कडक मजकूर पाठवत असे. मत त्या मजकुरात फारसे नव्हते, उट्टे काढणे मात्र होते.

शेवटी मीच त्याला फोन करून सांगितले की, चूक दाखव, पण मला एकट्याला दाखव. आता तो फोन करतो आणि मी मजकूर काढून टाकतो. पाठवलेला मजकूर सर्वांच्या फोनवरून काढण्यासाठी साधारण अडीच दिवसांची मुदत असते. माझा राग उतरायलाही तेवढेच दिवस लागतात, हे सोयीचे आहे.

आपण निकालावर खुणा करून बाबांसमोर बसलात, तेव्हा आई खोलीत होत्या का?

कळवेकर

मास्तरांचे म्हणणे मला अर्धेच पटते. वडिलांचा मान राखावा हे खरे, परंतु कोणत्या पक्षाला मत द्यायचे हा मतभेद एक आणि माणसांविषयी वाईट बोलणे ही गोष्ट निराळी. आमच्याकडे पक्षावरून कधी भांडण झाले नाही. माझी एक सहकारी मुंब्र्याची आहे आणि ती घरी यायची होती, त्या दिवशी सकाळी वडील तिच्या समाजाविषयी जे बोलले ते मी इथे लिहिणार नाही. तेव्हा मी त्यांचा मान, वय, रक्तदाब यांतले काहीही आड येऊ दिले नाही. पाहुण्यासमोर असे बोलणे या घरात चालणार नाही, एवढेच सांगितले. वाद घातला नाही आणि पुरावेही दिले नाहीत. वडील चार दिवस अबोल राहिले. सहकारी आली तेव्हा मात्र तिला सरबत त्यांनीच नेऊन दिले.

आपल्या प्रश्नात असे काही दिसत नाही. म्हणूनच आपण दोन निकालांवर इतकी शक्ती का घालवलीत, हे मला कळले नाही. आपल्या घरातल्या तीन मतांनी त्यांतले काही बदलणार आहे का?

चरईचा जुना भाडेकरू

कळवेकरांनी शेवटी जरा कठोर लिहिले आहे. ठाण्यात हा विषय “तीन मतांचा” नाही. १९६७ साली याच शहराच्या नगरपालिकेत शिवसेनेला पहिल्यांदा सत्ता मिळाली. ज्यांनी तारुण्याच्या संध्याकाळी तिथे घातल्या, त्यांना ‘पक्ष कोणाचा’ हा प्रश्न ‘तुमची ती वर्षे कोणाची’ असा ऐकू येतो.

ताई, आपल्या बाबांच्या ज्या वाक्याने वाद तुटला, त्यातच मला धागा दिसतो. त्यांनी भिंती रंगवल्या, पण कोणत्या चिन्हाच्या? धनुष्यबाण कायमचा मिळाला तो १९८९ मध्ये. त्याआधी ढाल-तलवार, रेल्वे इंजिन, मशाल अशा निरनिराळ्या चिन्हांवर उमेदवार लढले आहेत. ऑक्टोबर २०२२ मध्ये आयोगाने तात्पुरती चिन्हे दिली तेव्हा एका गटाला मशाल आणि दुसऱ्याला ढाल-तलवार मिळाली. म्हणजे दोघांच्याही वाट्याला जुन्याच घरातली भांडी आली. आपण निकाल वाचला आहे, तो बाबांनी वाचलेला नाही; ते ज्या भिंतींपाशी उभे होते त्या आपण पाहिलेल्या नाहीत. एकदा विचारून पाहा. फक्त उत्तर आपल्या मुद्द्याला जुळवून घेऊ नका, नाहीतर ते लगेच ओळखतील. आमच्या पिढीला उलटतपासणीचा वास दुरून येतो.

पाचपाखाडीची लेक

मास्तर, दोन्ही वेळा आई खोलीत होती, आणि दुसऱ्या वेळी मामाही आला होता. हे आजवर माझ्या लक्षातच आले नव्हते. कळवेकर, शक्ती का घालवली याचे उत्तर माझ्याकडेही नाही. कदाचित बाबांसमोर एकदा जिंकायचे होते.

रविवारी आई बाजारात गेल्यावर मी बाबांना भिंतींविषयी विचारले. सुरुवातीला त्यांनी “आता काय त्याचे” म्हणून उडवून लावले. मग म्हणाले की मशाल सर्वांत सोपी, अंधारात दोन फटकाऱ्यांत होते. इंजिन मात्र फार त्रासाचे, कारण चाके एकसारखी येत नाहीत आणि गेरू ओघळतो. विजेच्या बिलाच्या पाठीमागे त्यांनी ते काढूनही दाखवले. २०२२ पासूनच्या विषयाला त्यांनी हात लावला नाही आणि मीही लावला नाही. मी फक्त म्हटले की, इंजिनाला चाके चारच कशी असतील? त्यावरून आमचा अर्धा तास वाद झाला, आणि आई परत आली तेव्हा बाबा सहा चाकांचे दुसरे इंजिन काढत होते.