मदत हवी आहे: लोककथा ऐकली की मुलं तात्पर्य सांगून मोकळी होतात, पुढचा विचार कसा करून घ्यायचा? (इयत्ता चौथी, मराठी)

चौथी_मराठी

कोल्हापूरजवळची, करवीर तालुक्यातली जिल्हा परिषद शाळा, इयत्ता चौथी, पट ३४, तासिका ३५ मिनिटांची. आठवड्यातून दोनदा मराठीच्या तासाला लोककथा असते. चिमणी-कावळा, म्हातारी आणि भोपळा, उंदराची टोपी अशा घरी ऐकलेल्याच गोष्टी मुद्दाम निवडल्या आहेत. ऐकताना वर्ग गुंग असतो.

अडचण गोष्ट संपल्यावर सुरू होते. "यातून काय शिकलात?" म्हटलं की "खोटं बोलू नये", "शेजाऱ्याला मदत करावी" अशी ठरलेली उत्तरं. "चिमणी बरोबर की कावळा?" म्हटलं की अख्खा वर्ग एका सुरात "चिमणी". "का?" तर "कावळा वाईट असतो म्हणून." बोलणारे पुढच्या बाकांवरचे पाच-सहा जण, बाकीचे तेच परत म्हणतात.

प्रश्न कोणते आणि गोष्टीच्या कुठल्या टप्प्यावर विचारावेत? मागच्या बाकांवरची मुलं घरची बोली बोलतात आणि "नीट बोल" म्हटलं की गप्प होतात, त्याचं काय करावं? आणि हे सगळं आकारिक मूल्यमापनाच्या (वर्षभर वर्गातल्या निरीक्षणावरून करायच्या मूल्यमापनाच्या) नोंदीत कसं उतरवायचं? कृपया करून बघता येईल असं सांगा.

खडूफळा

मॅडम, खोट प्रश्नात आहे, मुलांत नाही. "यातून काय शिकलात" याचं उत्तर गोष्ट न ऐकताही देता येतं, म्हणून मुलं ते देतात. दोन आठवडे "तात्पर्य" हा शब्द बाजूला ठेवा आणि त्याजागी एकच शब्द आणा: "कशावरून?"

"का" विचारलं की मूल कारण रचतं. "कशावरून" विचारलं की त्याला गोष्टीत मागे जाऊन पुरावा शोधावा लागतो. कावळा वाईट, कशावरून? गोष्टीत त्याने केलं काय? शेणाचं घर पावसात वाहून गेलं आणि त्याने शेजारणीचं दार वाजवलं, एवढंच. हे मुलांच्या लक्षात आलं की वर्गात पहिल्यांदा दोन बाजू पडतात.

भोपळ्याच्या गोष्टीला दोन तासिका द्या. गोष्ट वाचू नका, सांगा. सहा-सात मिनिटांत संपली पाहिजे. थांबायचं फक्त दोनदा. तिसऱ्यांदा थांबलात की रस जातो आणि मुलं "पुढं सांगा की" म्हणून ओरडायला लागतात.

पहिला थांबा: वाघ समोर उभा आहे आणि म्हातारी म्हणते, "लेकीकडे जाईन, तूपरोटी खाईन, लठ्ठ होऊन येईन, मग मला खा." प्रश्न: वाघाने सोडावं का? कोणालाही बोलू देऊ नका. आधी २ मिनिटं प्रत्येकाने वहीत एक ओळ लिहायची, मग शेजाऱ्याशी ३ मिनिटं बोलायचं, मग वर्गात. हा क्रम मोडू नका. पहिला हात वर गेला की उरलेल्यांचा विचार तिथेच थांबतो, आणि तुमच्या वर्गात नेमकं हेच होतंय.

प्रश्न विचारल्यावर तुम्ही स्वतः किती थांबता तेही मोजा. मेरी बड रो या अमेरिकन संशोधिकेने १९७० च्या दशकात वर्गांतली ध्वनिमुद्रणं तपासली. शिक्षक सरासरी सेकंद-दीड सेकंदच थांबत होते. ३ सेकंद थांबायला लागल्यावर मुलांची उत्तरं लांबली आणि एरवी न बोलणारीही बोलू लागली. मनात "एक भोपळा, दोन भोपळे, तीन भोपळे" म्हणा, तेवढं पुरतं.

दुसरा थांबा: परतीच्या वाटेवर भोपळा गडगडत येतो, आतून "म्हातारी बितारी मला नाही ठाऊक, चल रे भोपळ्या टुणुक टुणुक." प्रश्न: ती आत आहे हे ओळखायला वाघाच्या हाती काय काय होतं? चौघांचा गट, ५ मिनिटं. भोपळा बोलतोय आणि आवाज बाईचा आहे, ही दोन उत्तरं लगेच येतात. ती याच वाटेने परत येणार होती हे वाघाला आधीच माहीत होतं, हे तिसरं उशिरा येतं. ते तुम्ही सांगून टाकू नका, दुसऱ्या दिवशी आलं तरी चालेल.

दुसऱ्या तासिकेला एकच प्रश्न: म्हातारीने शब्द मोडला का? वर्गाचे तीन कोपरे करा: मोडला, नाही मोडला, मोडला पण चालतं. चिठ्ठीवर आधी लिहून घ्या, नाहीतर मुलं मैत्रिणीच्या, मित्राच्या मागे जातात. कोपरा बदलायची मुभा आहे, पण "अमक्याच्या या बोलण्यामुळे बदलला" असं सांगून. तिसऱ्या कोपऱ्यात वीसच्या वर मुलं जमली तर विचारा, "चालतं, पण कोणाला? वाघाला विचारलं का?" तिथून वाद नव्याने पेटतो.

आणि एक चूक टाळा. एखादं उत्तर मनासारखं आलं की तोंडून "शाब्बास" निघतं. त्या क्षणी वर्गाला कळतं की बरोबर उत्तर सापडलं, आता डोकं चालवायची गरज नाही. त्याऐवजी "आणखी कोण?" एवढंच म्हणा.

बोलीचा_धागा

वरच्या प्रतिसादात भाषेची बाजू राहिली, ती जोडतो. खात्री किती आहे हे दाखवायची सोय मराठीच्या क्रियापदातच आहे, आणि चौथीतली मुलं ती रोज वापरतात. फळ्यावर चार रकाने करा: आहे/होता, असणार, असेल, म्हणे.

"म्हातारी बारीक होती" हे गोष्टीतच सांगितलंय, पहिला रकाना. "भोपळा मोठा असणार", कारण माणूस आत मावलं. पुराव्यावरून काढलेला अंदाज. "वाघ म्हातारा असेल", नुसती शक्यता. "त्या रानात अजून वाघ आहे म्हणे", हे ऐकीव. अशी ८ वाक्यं पट्ट्यांवर लिहून गटांना द्या. पहिल्या दिवशी मुलं जवळजवळ सगळं "असेल"मध्ये ढकलतात. तेव्हा प्रत्येक पट्टीला "कशावरून?" विचारायचं, उत्तर गोष्टीत सापडलं तर पट्टी "असणार"मध्ये सरकवायची. व्याकरण आणि विचार एकाच कामात होतात.

बोलीबद्दल. आपल्याकडच्या कितीतरी मुली घरी "मी गेलो, मी बोललो" असंच म्हणतात. ती तिचा मुद्दा मांडत असताना "बोललो नाही, बोलले" असं मध्येच दुरुस्त केलं तर रूप सुधारतं आणि मुद्दा हातचा जातो. बोलताना बोली, फळ्यावर तिचं वाक्य जसंच्या तसं, आणि वहीत उतरवताना त्याच वाक्याखाली प्रमाण रूप. दोन्ही ओळी शेजारी राहू द्या. "वाघाला कळाय पायजे हुतं" या वाक्यात तर्क पुरा आहे, तो आधी मान्य करा.

जमलं तर एक रूपांतरही सांगा. हीच गोष्ट बंगालमध्ये आहे आणि इराणमध्येही. फारसी गोष्टीत म्हातारी लेकीकडे जाताना लांडगा, बिबट्या आणि सिंह असे तिघे भेटतात आणि ती परत येते भोपळ्यातच. "काय सारखं राहिलं, काय बदललं?" याला वीस मिनिटं कमी पडतात.

चौथी_मराठी

खूप आभार. "कशावरून" उद्याच सुरू करते. रंकाळा तळ्याकाठच्या नंदीची गोष्ट घ्यावी असं मनात आहे, मुलांना ती पाठ आहे. पण पालकांना देवाची चेष्टा वाटेल का?

गंगावेस

जरूर घ्या, आपल्या गावात यापेक्षा चांगलं उदाहरण मिळणार नाही. नंदी रोज गव्हाएवढा पुढे सरकतो आणि तांदळाएवढा मागे येतो, तो तळ्यात पोचला की जगबुडी, असं सांगतात. यात मोजता येणारी दोन मापं आयती दिली आहेत.

प्रत्येक गटाला गव्हाचे १० दाणे, आखूड तांदळाचे १० (आजरा घनसाळ घरात असेल तर तोच) आणि बासमतीचे १०. दाणे वहीवरच्या रेघेवर टोकाला टोक लावून ठेवायचे, मोजपट्टी लावायची, लांबीला १० ने भागायचं. एकेक दाणा मोजू नका, मिलिमीटरच्या फरकाला मुलांचा हात पुरत नाही. बरीच मुलं पट्टीच्या कडेपासून मोजतात, शून्यापासून नाही. ते आधी बघा. तुटके दाणे आधीच निवडून काढा.

गहू साधारण ६ मिलिमीटर भरतो. तांदूळ ५ भरला तर नंदी रोज १ मिलिमीटर पुढे जातो, वर्षाला साडेछत्तीस सेंटीमीटर, शंभर वर्षांत साडेछत्तीस मीटर. बासमतीचा दाणा मात्र ७ च्या आसपास किंवा वर जातो. म्हणजे तोच नंदी रोज तळ्यापासून लांब चालला! इथे मुलं स्वतःच विचारतात, "कुठला तांदूळ?" तो प्रश्न आला की तुमचा तास सार्थकी लागला. पुढचा प्रश्न: हे खरं मानायचं तर आज काय मोजून ठेवावं लागेल, आणि परत कधी मोजावं लागेल?

घरी आजी-आजोबांना विचारून गोष्ट लिहून आणायला सांगा, प्रत्येक वाक्याला "म्हणे" लावून. घरोघरी फरक निघतो, आणि तो फरकच पुढच्या तासाचा विषय.

टेकडीवरून

थोडी असहमती नोंदवतो. मोजमाप ठीक आहे, पण चौथीत दैवतकथेला "खरं की खोटं" हा प्रश्न लावू नका. मूल घर आणि शाळा यांच्या कात्रीत सापडतं आणि बोलणं बंद करतं. दैवतकथेत बाजू विचारा. कोल्हासुराला मारल्यानंतरच्या आनंदसोहळ्याला त्र्यंबोलीला, म्हणजे टेंबलाईला, बोलवायचं राहून गेलं, म्हणून ती रुसून टेकडीवर पाठ फिरवून बसली, आणि ललिता पंचमीला अंबाबाईची पालखी तिला भेटायला जाते. ही गोष्ट मुलांना यात्रेमुळे माहीत असते. प्रश्न असे घ्या: बोलवायचं राहिलं की टाळलं, गोष्टीत कशावरून कळतं? टेंबलाईने सांगितली तर गोष्ट कुठून सुरू होईल? पाच वाक्यांत तिच्या बाजूने लिहा. श्रद्धेला धक्का लागत नाही, आणि सांगणारा बदलला की गोष्ट बदलते हे मुलांना लिहितानाच उमगतं.

गंगावेस

मान्य. नंदीच्या बाबतीतही फळ्यावर "खोटं" हा शब्द येऊ देऊ नये. "मोजलं तर काय निघतं" इथेच थांबावं.

खडूफळा

नोंदीचं राहिलं होतं. ३४ मुलांकडे एका तासात लक्ष देता येत नाही. रोज ६ किंवा ७ मुलं ठरवा, पाच तासिकांत फेरी पुरी होते. प्रत्येकासाठी तीनच गोष्टी पाहा: मत सांगितलं का, त्याला गोष्टीतला पुरावा दिला का, दुसऱ्याचं ऐकून मत बदललं किंवा टिकवलं का. वहीत तीन खुणा पुरेत. वर्णनात्मक नोंद "चांगला विचार करतो" अशी नको. "म्हातारीने शब्द मोडला हे मत गोष्टीतल्या दोन वाक्यांच्या आधारे मांडले" अशी लिहा. मुलाचं मूळ वाक्य अवतरणात घातलं तर आणखी बरं. सहा महिन्यांनी त्याच मुलाचं दुसरं वाक्य शेजारी ठेवता येतं.

चौथी_मराठी

एक शंका. लिहिण्याच्या त्या दोन मिनिटांत पाच-सहा मुलांना एक ओळसुद्धा लिहिता येत नाही. त्यांचं काय?

बोलीचा_धागा

त्यांना चित्र काढू द्या, किंवा हो-नाहीची खूण करून शेजाऱ्याच्या कानात कारण सांगू द्या. शेजाऱ्याने ते त्यांच्याच शब्दांत लिहायचं. मत आधी ठरलं पाहिजे, लिहिणारा हात कोणाचाही चालेल. वर्गात बोलायची पहिली संधी मात्र याच मुलांना द्या.