वनराज भाटिया: कारकीर्द वाया गेली की सार्थकी लागली?

पंचवटीकर: आमच्या नाशिकच्या कट्ट्यावर वनराज भाटियांवर एक संध्याकाळ करायची टूम निघाली. लगेच प्रश्न आला, ‘हे कोण बुवा?’ संगीतकार. लंडनच्या रॉयल अकादमीत संगीत शिकलेला, पॅरिसला नामवंत संगीतशिक्षिका नादिया बूलांजेंकडे धडे घेतलेला माणूस. इथे येऊन केलं काय? हजारो जिंगल्स, ‘वागले की दुनिया’सारख्या मालिका आणि बेनेगलांचे सिनेमे. माझ्या मते एवढी विद्या किरकोळीत खर्ची पडली.

गंगापूररोडी: किरकोळीत? ‘भारत एक खोज’चं (१९८८) शीर्षकगीत पुन्हा ऐका. ऋग्वेदातलं नासदीय सूक्त, वसंत देवांचा हिंदी अनुवाद आणि अंगावर येणारा तो कोरस. ५३ भाग! पाश्चात्य स्वरमेळ शिकलेल्यालाच ते सुचणार. ‘तमस’ला तर राष्ट्रीय पुरस्कार मिळाला.

पंचवटीकर: पुरस्कार घ्या हो, पण गुणगुणायला काय? संगीतकार शेवटी चालीवर जगतो.

सिडकोची_सून: दादा, ‘भूमिका’ पाहिलाय का? हंसा वाडकरांच्या ‘सांगत्ये ऐका’वरचा. त्यातली गाणी जुन्या स्टुडिओंच्या काळातलीच वाटतात, इतकी ती त्या काळाच्या अंगाने बांधली आहेत. ‘तुम्हारे बिन जी ना लगे’ एकदा कानात बसलं की दोन दिवस जात नाही. ‘मंथन’मधलं ‘मेरो गाम काठा पारे’ अनेकांना गुजराती लोकगीतच वाटतं. चाल इतकी लोकांची झाली की करणाऱ्याचं नाव गळून पडलं, यात त्याचं अपयश कुठे?

पंचवटीकर: ताई, नाव गळलं की पैसेही गळतात. २०१९ मध्ये म्हातारपणी घरातली क्रॉकरी विकायची वेळ आल्याच्या बातम्या होत्या. ही सार्थकी लागलेली कारकीर्द?

गंगापूररोडी: तो दोष व्यवस्थेचा! हक्क एकरकमी निर्मात्याला लिहून द्यायचे, असाच रिवाज होता. संगीतकाराला रॉयल्टीचा हक्क देणारी कॉपीराइट कायद्यातली दुरुस्ती झाली २०१२ मध्ये, त्याच वर्षी यांना पद्मश्री. तोवर उमेदीचं सगळं काम होऊन गेलेलं. (आपण मात्र रिअ‍ॅलिटी शोच्या परीक्षकांची नावं तोंडपाठ ठेवतो.)

पंचवटीकर: व्यवस्थेचं मान्य. पण ‘अग्निवर्षा’ या ऑपेरावर (पाश्चात्य धर्तीच्या संगीत नाटकावर) ते उतारवयात काम करत होते. ते तिशीत हाती घेतलं असतं तर? या मुद्द्यावरून मी हटणार नाही.

सिडकोची_सून: नका हटू, मंचावर हेच बोला. कुसुमाग्रज स्मारकात तारीख बघा, तिकीट नको. आणि निवेदकाला आधीच सांगून ठेवा, दोन गाण्यांच्या मध्ये कविता म्हणायच्या नाहीत.