छोट्या गोष्टीत दोन माणसांची जवळीक कशी दाखवायची?

घाटंजीकडचा:
नमस्कार मंडळी. एक कथा लिहून रायलो, १५०० शब्दांत बसवायची हाय. आमच्याच भागातली, यवतमाळ जिल्हा. दोन बाया, एक साठीची, दुसरी मागच्या उन्हाळ्यात लग्न होऊन गावात आलेली. नात्यानं एकमेकींच्या कोणीच नाई, फक्त एकाच टोळीत कापूस वेचायला जातात. कादंबरी असती तर चार-पाच वर्षं दाखवता आली असती, इथं जागा चार पानांची, अन् तेवढ्यात वाचणाऱ्याला कळलं पायजे की यांचं काहीतरी जुळलं हाय. आपल्याकडं तोंडानं कोणी असं बोलून दाखवत नाई. मित्र म्हणते शेवटी दोघी गळ्यात पडून रडू दे, मले ते काही पटत नाई. तुमी काय कराल?

पऱ्हाटीवाली:
रडू बिलकुल नका दाखवू भाऊ. वेचणीचा व्यवहार नीट पाहा, त्यातच तुमची गोष्ट हाय. निंदणाले दिवसाची मजुरी ठरलेली असते, तिथं कोणाची पात, म्हणजे वाट्याची ओळ, मागं रायली त बाजूची बाई हात लावते, तिचं काई जात नाई. वेचणी किलोवर. सांजच्याले काट्यावर जेवढा कापूस भरला तेवढेच पैसे, मंग तिथं दुसरीच्या ओटीत एक मूठ टाकली त ती आपल्या मजुरीतून टाकली. आमच्या टोळीत एका पोरीले सातवा महिना होता. सीतादही, म्हणजे वेचणीच्या आधीची वावरातली पूजा, करून वेचणी नुकतीच लागली होती, घरी बसून भागत नव्हतं म्हणून ती येये, पण वाकणं होये नाई अन् खालची बोंडं तशीच रायत. बाजूच्या पातीवरची काकू तिची खालची बोंडं वेचे अन् पुढं सरकता सरकता मूठ पोरीच्याच ओटीत टाके. तोंडानं दुसरंच चालू, कोणाच्या घरी पोरगी पाहाले आले, कोणाची बकरी व्याली. सांजच्याले मालक पोरीले म्हणे, आज चांगली वेचली वं. काकूनं तिकडं पाहालं बी नाई, ती आपलं गाठोडं बांधत होती. तुमच्या कथेत काटा आणा, बाकी आपोआप येते.

वडसा लाइन:
ताईंचा प्रसंग जबरदस्त हाय पण मी थोडा वेगळा बोलतो, दुसऱ्यासाठी पदरचं काही सोडलं की जवळीक झाली असं दरवेळी नसते, लोकं उपकार म्हणूनही करतात. आमच्या झाडीपट्टीत, म्हणजे पूर्व विदर्भात, दिवाळीनंतर मंडई न् नाटकं सुरू होतात ते होळीच्या आसपासपर्यंत चालते, ज्या गावात नाटक तिथं घरोघरी पाहुणे, लेकी-जावई, व्याही, सगळे. नाटक रातभर चालते त म्हातारी माणसं मधातच उठून घरी येऊन पडतात. आमची माय एका मावशीची चटई न विचारता दाराजवळच टाकते कारण तिले रात्री दोन-तीनदा उठा लागते अन् अंधारात माणसांवरून जायची तिले लाज वाटते. मावशीनं हे कधी सांगितलं नाई, मायनं कधी विचारलं नाई. मले वाटते खरी ओळख अशी असते. तर तुमच्या साठीच्या बाईले त्या गावातल्या नव्या सुनेबद्दल असं एक काहीतरी माहीत पायजे जे सुनेनं सांगितलेलं नाई. एकच, जास्त नाई.

दर्यापूरचा:
कथेत ठीक हाय, पण खऱ्या जीवनात आता कोण कोणाचं हाय हो. पारावर पाच जण बसले त पाचही मोबाईलमधी डोकं घालून.

पऱ्हाटीवाली:
दर्यापूरवाले भाऊ, तुमी पारावरचे माणसं पाहाले, आमच्या टोळीचा व्हॉट्सअॅप ग्रुप नाई पाहाला. अर्ध्या बायांले लिवता येत नाई, सगळं आवाजात चालते, उद्या कोणाच्या वावरात, किती वाजता निंगाचं. रात्री एखादीचा आवाज आला नाई त सकाळी कोणीतरी तिच्या घरावरून जाते, बरं हाय का पाहाले. मोबाईल हाय म्हणूनच कळते का नाई आता?

ड वर्ग ग्रंथालय:
मी गावचं वाचनालय सांभाळतो म्हणून दोन शब्द. वामन चोरघडे वाचा, आपल्या नरखेडचे, जन्म १९१४, १९७९ च्या चंद्रपूरच्या साहित्य संमेलनाचे अध्यक्ष होते, आणि लघुकथा हेच त्यांचं मुख्य काम. साध्या माणसांचा चांगुलपणा लिहायचे, त्यासाठी कथेत काही मोठं घडावंच लागत नाही. तुम्हाला माझं सांगणं एवढंच की मैत्री कशी झाली त्याचा इतिहास सांगत बसू नका, चार पानं त्यातच जातील. ती झालेली आहे असं धरून एकच दिवस घ्या. आमच्याकडे रोज सकाळी दोन म्हातारे येतात, एकाला मोतीबिंदूमुळे दिसत नाही, दुसरा त्याला पेपर वाचून दाखवतो, आधी कापसाचे भाव मग निधनाच्या बातम्या, आणि ओळखीचं नाव आलं की वाचणारा आधी थांबतो, याचा हात धरतो, मग नाव घेतो. त्यांची दोस्ती कधीपासूनची ते मला माहीत नाही आणि कथेलाही त्याची गरज पडणार नाही.

घाटंजीकडचा:
मंडळी, लय काही भेटलं. काटा तर घेतोच, दिवसही एकच ठेवतो. ताई, एक सांगा, वजन रोजच्या रोज लिवतात का लगेच पैसे देतात?

पऱ्हाटीवाली:
आमच्याकडं मालक वहीत नावासमोर किलो लिवते, हिशोब बाजाराच्या दिवशी.

घाटंजीकडचा:
मंग तो दिवस बाजाराचाच घेतो. सुनेले वाचता येते, म्हातारीले नाई. टोळीची वही सूनच वाचून दाखवते, म्हणजे काकूचे किलो कमी अन् आपले वाढलेले तिलेच पहिले दिसन.

पऱ्हाटीवाली:
हेच लिवा. अन् वाचताना ती काकूले आकडा खरा सांगते का बदलून, ते घाईत ठरवू नका, दोन्ही लिवून पाहा.