हरिहरेश्वर: प्रदक्षिणेची वेळ ओहोटीशी कशी जुळवायची?

पुणेरी_प्रवासी: मार्गशीर्ष वद्य तृतीयेला पुण्याहून ताम्हिणी-माणगाव-म्हसळामार्गे हरिहरेश्वरला जायचं आहे. सकाळी ११ पर्यंत पोहोचू. डोंगरामागची, समुद्राकाठच्या खडकांवरून जाणारी प्रदक्षिणा तेव्हा करता येईल का? सोबत आई आहे, वय ७२, गुडघे दुखतात. दर्शनाचा क्रम काय?

खाडीकाठ: ११ ला नाही जमणार. कोकणातला जुना हिशोब बघा: तिथीची पाऊणपट केली की पूर्ण भरतीची वेळ येते. शुद्ध असो वा वद्य, दोन्हीकडे मोजणी १ पासून. भरती रोज साधारण पाऊण तास पुढे सरकते, म्हणून पाऊणपट. तृतीया म्हणजे ३ × पाऊण = सव्वादोन, पहाटे आणि दुपारी. ओहोटी त्याआधी किंवा नंतर सव्वासहा तासांनी, म्हणजे सकाळी आठच्या आसपास. ११ ला पाणी निम्मं चढलेलं असेल आणि तुम्ही खडकांवर असतानाच वाढत जाईल.

आदल्या रात्री मुक्काम करा, उजाडताच ७ ला पायऱ्या उतरायला लागा आणि साडेआठच्या आत वाळूवर या. हिशोबात अर्धा-पाऊण तास इकडेतिकडे होतो, त्यामुळे भरती-ओहोटीचं छापील वेळापत्रक बघाच. शिवाय निघण्यापूर्वी देवळापाशी विचारून घ्या. तिथले लोक नको म्हणाले तर नको.

श्रीवर्धनकर: क्रम असा: आधी काळभैरव, मग हरिहरेश्वर, मग परत काळभैरव.

आईंना मागच्या बाजूला नेऊ नका. चढ संपला की दोन कड्यांमधल्या अरुंद घळीतून उंच पायऱ्या थेट समुद्राकडे उतरतात. खाली सपाट खडक आहे, पण लाटांनी पोखरून त्याला मधमाश्यांच्या पोळ्यासारखी भोकं पडली आहेत, आणि पाऊल नेमकं त्यांच्या कडेवर मुरगळतं. हिरवा-काळा भाग दिसला की ते शेवाळ समजा. कोरड्या, फिकट दगडावरूनच चाला. पायात मागे पट्टा असलेली रबरी तळाची चप्पल हवी. त्यांनी देवळातच प्रदक्षिणा घालावी, तेवढ्यात तुम्ही वाळूकडून परत याल.

खाडीकाठ: एक राहिलं. ओहोटी असली तरी लाट मोठी असू शकते. खडकाच्या भेगांमधून पाणी एकदम उसळतं आणि कडेला उभ्या माणसाला ओढून नेतं. फोटोसाठी कडेला जाणारे असेच गेले आहेत. पाच-दहा मिनिटं वर थांबून बघा: एखादी जरी लाट वाटेवर येत असेल तर उतरू नका. पावसाळ्यात तर विचारच नको.

पुणेरी_प्रवासी: मुक्काम टाळून षष्ठीला गेलो तर?

श्रीवर्धनकर: ६ × पाऊण = साडेचार, म्हणजे ओहोटी सव्वादहाच्या सुमारास. त्यासाठी ९ ला देवळात हवं, म्हणजे पहाटे ४ ला पुणं सोडायचं आणि ताम्हिणी अंधारात उतरायची. त्यात अष्टमीकडे भांग, म्हणजे कमी जोराची भरती-ओहोटी, येतो. अमावास्या-पौर्णिमेच्या उधाणाला पाणी जितकं मागे जातं तितकं तेव्हा जात नाही, वाटेचा काही भाग ओलाच राहतो. तृतीयाच बरी. दुसऱ्या दिवशी वेळ असेल तर बागमांडल्याहून जंगलजेटीने (गाड्या नेणाऱ्या फेरीबोटीने) गाडीसकट वेश्वीला उतरा, तिथून केळशी जवळ.