शब्दचर्चा : ‘फेअर ट्रेड’ आणि ‘प्रीमियम’ला मराठीत काय म्हणावं?

रानवारा :
आमच्या तालुक्याच्या शेतकरी मासिकासाठी घानातल्या ‘कुआपा कोको’ या कोको उत्पादकांच्या सहकारी संघावर लेख लिहितोय. दोन शब्दांपाशी अडलोय. ‘फेअर ट्रेड’ला, म्हणजे उत्पादक शेतकऱ्याला न्याय्य अटी मिळाव्यात म्हणून ठरवलेल्या नियमांनी चालणाऱ्या व्यापाराला, ‘रास्त भाव’ चालेल का? आणि ‘प्रीमियम’ला काय लिहू? वाचक ऊस आणि दूध घालणारे आहेत, त्यांना एका वाचनात कळायला हवं.

सुमेधा_प :
‘रास्त भाव’ नको, रेशनचं दुकान डोळ्यांसमोर येतं. ‘न्याय्य व्यापार’ लिहा. प्रीमियमला ‘अधिमूल्य’.

नीराकाठ :
रेशनच्या दुकानापेक्षा मोठी अडचण ‘भाव’ या शब्दाचीच आहे. घानात शेतकऱ्याला मिळणारा कोकोचा दर कोकोबॉड हे सरकारी मंडळ हंगामाआधी जाहीर करतं आणि निर्यातही त्याच्याच ताब्यात असते. गावोगावी माल घेतात त्या परवानाधारक खरेदी कंपन्या. कुआपाचा सभासद असो वा नसो, पोत्याचा मूळ दर सगळ्यांना सारखाच. ‘रास्त भाव’ लिहिलंत तर वाचक विचारणार, ‘मग जास्त किती मिळाले?’ आणि लेख तिथंच चुकीच्या वाटेला लागेल.

फरक पडतो तो आधी काट्यावर. खरेदीतली सरकारी मक्तेदारी सैल झाल्यावर १९९३ मध्ये शेतकऱ्यांनी कुमासीला हा संघ उभा केला आणि स्वतःची खरेदी कंपनी काढली. प्रत्येक गावची सोसायटी आपल्यातलाच एक जण ‘रेकॉर्डर’ म्हणून निवडते. तोच वजन करतो, नोंद ठेवतो. शेंगा फोडून काढलेल्या ओल्या बिया केळीच्या पानांखाली सहा-सात दिवस आंबत ठेवायच्या, मग चटयांवर पसरून आठवडाभर हातानं परतत वाळवायच्या. इतक्या कष्टानं भरलेल्या पोत्यात कोणी काटा मारला तर काय होतं, हे ऊसवाल्याला वेगळं सांगायला नको. ‘काटामारी’ हा शब्द लेखात घ्याच. या संघाच्या जन्माचं कारण त्या एका शब्दात येतं.

‘अधिमूल्य’ मात्र पटत नाही. बरोबर असेल, पण कोणाच्या तोंडी नाही. आणि ‘प्रीमियम’ म्हटलं की विम्याचा हप्ता.

सुमेधा_प :
काट्याचा मुद्दा मान्य. पण मग प्रीमियम म्हणजे ‘बोनस’च ना? तो शब्द तर सगळ्यांना माहीत आहे.

नीराकाठ :
बोनस थेट सभासदाच्या हातात पडतो. इथे परदेशातला खरेदीदार मालाच्या किमतीवर टनामागे वेगळी रक्कम देतो. ती आधी २०० डॉलर होती, ऑक्टोबर २०१९ पासून २४० झाली. हे पैसे संघाकडे जमा होतात आणि त्यांचं काय करायचं ते सभासदांचे प्रतिनिधी सभेत ठरवतात. कुठे बोअर, कुठे शाळेची खोली, कधी कोयते. त्यातूनच काही भाग पोत्यामागे बोनस म्हणून वाटतात, म्हणून घोटाळा होतो. मी तरी ‘सामाईक निधी’ म्हणेन.

फेअर ट्रेडची ‘किमान किंमत’ही आहे. तिला ‘हमीभाव’ लिहू नका. आपला हमीभाव सरकार जाहीर करतं, ही किंमत निर्यातीच्या टप्प्यावर खरेदीदाराला बांधते. बाजार वर गेला तर बाजारभावच द्यावा लागतो.

रानवारा :
फार उपयोग झाला. आणखी एक. ‘चॉकलेट कंपनीचे मालक शेतकरी’ असं उपशीर्षक केलंय.

सुमेधा_प :
तिथं जपून. ब्रिटनमधली डिव्हाइन चॉकलेट १९९८ मध्ये बाजारात आली तेव्हा कुआपाकडे साधारण एक तृतीयांश भाग होते. २००६ मध्ये दुसरी एक भागधारक, बॉडी शॉप ही सौंदर्यप्रसाधनांची कंपनी, हिनं आपले भाग कुआपाला देऊन टाकले आणि हिस्सा ४५ टक्क्यांवर गेला. पण २०२० मध्ये बहुसंख्य भाग वाइनरिख या जर्मन कंपनीकडे गेले आणि कुआपाकडे २० टक्के उरले. ‘भागधारक’ लिहा. ‘मालक’ लिहिलं तर कारखान्याचा सभासद आपल्यासारखंच समजेल, आणि ते खरं नाही. मला स्वतःला हा हिस्सा घटल्याचं वाईट वाटतं. बी पिकवणाऱ्याला चॉकलेटच्या नफ्यात वाटा, ही या सगळ्यातली सर्वांत धाडसी गोष्ट होती.

रानवारा :
बदलतो. आणि रेकॉर्डरला ‘मापाडी’ म्हणू का?

नीराकाठ :
नुसतं नको. मापाडी बाजार समितीच्या परवान्यावर काम करतो, त्याला शेतकरी निवडून देत नाहीत. पहिल्यांदा ‘गावानं निवडलेला मापाडी, म्हणजे रेकॉर्डर’ असं लिहा, पुढे ‘रेकॉर्डर’च ठेवा. ‘फेअर ट्रेड’चंही तेच करा. शब्द तसाच ठेवून पहिल्या परिच्छेदात काटा, सामाईक निधी आणि भाग या तिन्हींचा खुलासा करा.